क्रिस्पसचा खरा चेहरा कोणता?

अर्धापैसा (धागाकर्ता)

मामांचा नाण्यांचा डबा मागच्या महिन्यात माझ्या ताब्यात आला. शिवराया, निजामाचे हाली पैसे, राणीछाप, आणि एका वेगळ्या पाकिटात तीन छोटी रोमन नाणी. मामा नोकरीनिमित्त जर्मनीत होते तेव्हा घेतलेली. तिन्ही तांब्याची, साधारण १८-१९ मिलिमीटर व्यासाची, आणि तिन्हींवर नाव एकाचंच: क्रिस्पस.

ज्यांना हा गृहस्थ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइन (कॉन्स्टँटिनोपलवाला) याचा हा थोरला मुलगा. आईचं नाव मिनर्व्हिना. ती लग्नाची बायको होती की नव्हती यावर अभ्यासक अजून भांडतात. ३०७ साली कॉन्स्टन्टाइनने फाउस्टाशी लग्न केलं. ती माजी सम्राट मॅक्सिमियनची मुलगी, म्हणजे सोयरीक सरळसरळ राजकारणाची. तरी थोरल्याला बापाने बाजूला टाकलं नाही. त्याला शिकवायला लॅक्टॅन्शियससारखा नावाजलेला लॅटिन पंडित ठेवला. १ मार्च ३१७ ला तो 'सीझर' झाला, म्हणजे आपल्या हिशेबात युवराज. मुक्काम गॉलमध्ये (रोमनांचा पश्चिमेकडचा प्रांत), ट्रिअरला (आजच्या जर्मनीत). फ्रँक आणि अलेमान्नी टोळ्यांवर विजय, ३१८, ३२१ आणि ३२४ असं तीनदा कॉन्सलपद (रोमचं वर्षभराचं मानाचं पद), ३२४ मध्येच मोठी आरमारी लढाई जिंकली. आणि ३२६ मध्ये बापाच्या हुकमाने मारला गेला. वय फार तर तिशीच्या आत-बाहेर.

आता नाणी.

पहिलं ट्रिअरचं. लॉरेलची माळ, अंगात चिलखत, लांबट चेहरा, बाकदार नाक, जाड मान. मागे वेदी, वेदीवर गोल, आणि भोवती 'बेआटा ट्रॅन्क्विलितास', म्हणजे धन्य शांतता.

दुसरं सिस्कियाचं (आजच्या क्रोएशियातलं सिसाक). नुसतं डोकं, गोलसर, पोरगेलं. मागे माळेच्या आत 'व्होट' (म्हणजे नवस) आणि पाचाचा रोमन आकडा.

तिसऱ्यावर चिमुकलं डोकं, हातांत बरंच काही धरलेलं. मागे एक उभा माणूस, त्याच्या एका हातात छोटी पंखवाली मूर्ती, दुसऱ्यात उंच काठी. तळाला 'एस एम एन' वाचता येतं.

तीन नाणी, तीन वेगळी माणसं वाटावीत इतका फरक. यातला खरा क्रिस्पस कोणता? माझं मत ट्रिअरच्या बाजूने आहे, कारण तो तिथेच राहत होता. जाणकारांनी सांगावं.

उगाच_एक

वाखूसा (वाचनखूण साठवली). जाणकार येईपर्यंत पहिला नंबर लावून ठेवतो.

नाणेघाट

तिसऱ्याचा निकाल आधी लावू, ते सोपं आहे. 'एस एम एन' म्हणजे निकोमेडियाची टांकसाळ, आजचं तुर्कस्तानातलं इझमित. मागचा उभा माणूस ज्युपिटर, त्याच्या हातातली मूर्ती विजयदेवतेची. हे नाणं क्रिस्पसच्या बापाने पाडलेलंच नाही. ३१७ नंतरच्या त्या काही वर्षांत पूर्वेकडचा सम्राट होता लिसिनियस, म्हणजे कॉन्स्टन्टाइनचा मेहुणा आणि वैरी. दोघांत तह झाला तेव्हा एकाच दिवशी तीन सीझर जाहीर झाले: क्रिस्पस, त्याचा सावत्र भाऊ दुसरा कॉन्स्टन्टाइन, आणि लिसिनियसचा मुलगा धाकटा लिसिनियस. तहाप्रमाणे दोन्ही बाजूंनी तिघांच्याही नावाची नाणी काढायची. लिसिनियसने काढली, पण आपल्या आवडत्या ज्युपिटरसह.

पूर्वेकडच्या या नाण्यांवर तिघेही सीझर एका साच्यातून काढल्यासारखे दिसतात. डावीकडे वळलेलं लहानसं डोकं, भरजरी वस्त्र, आणि हातात गोल, राजदंड व रुमाल. हा रुमाल रथांची शर्यत सुरू करताना खाली टाकायचा, कॉन्सलचा मान तो. भोवतीचं नाव झाकलं तर कोण कोणता हे सांगता येत नाही. निकोमेडियातल्या खोदकाराने ट्रिअरच्या क्रिस्पसला पाहिलं असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. तेव्हा तिसरं नाणं बाद.

आता गंमत बघा. त्या १ मार्चला दुसरा कॉन्स्टन्टाइन जेमतेम वर्षाचा होता. धाकटा लिसिनियस दोन वर्षांचाही नव्हता. नाण्यांवर मात्र हे दोघे चिलखत घालून, मान ताठ करून बसलेत. जो राजवाडा दुपट्यातल्या बाळाला योद्धा करून दाखवतो, त्याने क्रिस्पसच्या बाबतीत तेवढा प्रामाणिकपणा केला असेल असं मानायला आधार काय?

हलकंफुलकं

म्हणजे चौकातले फ्लेक्स! साहेबांचा चिरंजीव अजून शाळेत, पण फोटोत जॅकेट, मनगटात घड्याळ आणि खाली 'युवा हृदयसम्राट'. फक्त शुभेच्छुकांच्या पन्नास चेहऱ्यांना नाण्यावर जागा मिळाली नाही इतकंच.

नाणेघाट

@हलकंफुलकं, तुम्ही चेष्टेत बोललात, पण सीझरांच्या नाण्यांवर 'प्रिन्सिपी युवेन्टुटिस' असा मजकूर खरोखरच येतो. तरुणांचा अग्रणी. ऑगस्टसने आपल्या नातवांसाठी ही पदवी चालवली, तेव्हापासून वारसदारांना चिकटलेली. तुमचा हृदयसम्राट नवीन नाही.

वेदवती

नाण्यांचं कळत नाही, पण मारला का ते कुणीतरी नीट सांगा ना. तीनदा कॉन्सल, लढाया जिंकलेला, बापाचा लाडका. धागाकर्त्यांनी एका वाक्यात उरकलंय.

मोझलकाठ

मी लक्झेंबर्गला असते, ट्रिअर इथून तासाभराच्या आत आहे, त्यामुळे हा धागा म्हणजे घरचंच कार्य. मारण्याबद्दल इतर लिहितीलच, मी गावाबद्दल लिहिते.

कॉन्स्टन्टाइनच्या दरबाराचं भव्य सभागृह तिथे अजून उभं आहे, सुमारे ६७ मीटर लांब, आत एकही खांब नाही. आता ते प्रोटेस्टंट चर्च आहे. क्रिस्पस युवराज म्हणून तिथे वावरला असेल. कॅथीड्रलच्या खाली दुसऱ्या महायुद्धानंतर खोदकाम झालं तेव्हा एका रोमन दालनाचं रंगवलेलं छत हजारो तुकड्यांत सापडलं. ते वर्षानुवर्षं जुळवत बसले आणि आता जवळच्या संग्रहालयात ते लावलंय. त्यात प्रभावळ असलेल्या, दागिने ल्यालेल्या स्त्रिया आहेत. कुणी म्हणतं ही सम्राटाची आई हेलेना, कुणी म्हणतं फाउस्टा, कुणी म्हणतं क्रिस्पसची बायको (तिचंही नाव हेलेनाच). कुणी म्हणतं या बाया राजघराण्यातल्या नाहीतच, ही समृद्धी, सौंदर्य वगैरेंची रूपकं आहेत. ते दालन ३२६ च्या सुमारास पाडून त्यावर चर्च उठवलं, हे कळल्यावर गाइड मंडळी आवाज खाली आणून फाउस्टाची गोष्ट सांगतात. पर्यटकांना आवडते.

@अर्धापैसा, ट्रिअरच्या टांकसाळीने क्रिस्पसचे जितके नखरे केलेत तितके कुणी केले नसतील. भाला-ढाल घेतलेला, शिरस्त्राण घातलेला, गरुडाचा राजदंड हातात घेऊन कॉन्सलच्या वेषातला, आणि काही दुर्मीळ नाण्यांवर चक्क घोड्याचा लगाम धरलेला. चेहऱ्याचं मला सांगता येणार नाही. कपडेपट मात्र दांडगा.

कर्दळीवन

वेदवतीताई, जुन्या ग्रंथांत काय आहे ते काळाच्या क्रमाने बघा, म्हणजे गोष्ट कशी फुगत गेली ते दिसेल.

घटना ३२६ ची. सम्राट राज्यारोहणाच्या विसाव्या वर्षाच्या उत्सवासाठी रोमकडे निघालेला. क्रिस्पसचा शेवट झाला इस्ट्रियातल्या पोला गावी (आजचं पुला, क्रोएशिया). हे गाव कळतं अम्मियानस या रोमन इतिहासकारामुळे, आणि तेही तो दुसऱ्याच एका सीझरच्या, गॅलसच्या, मृत्यूबद्दल लिहिताना जाता जाता सांगतो म्हणून. ३६१ च्या सुमारास लिहिणारा ऑरेलियस व्हिक्टर म्हणतो, थोरला मुलगा बापाच्या निर्णयाने मेला, कारण अनिश्चित. युट्रोपियस म्हणतो, आधी गुणी मुलगा मारला, मग बहिणीचा मुलगा (हाच तो धाकटा लिसिनियस), मग बायको. इथवर प्रेमप्रकरणाचा पत्ता नाही.

चौथ्या शतकाच्या शेवटी एका संक्षिप्त इतिहासात पहिल्यांदा येतं की फाउस्टाच्या सांगण्यावरून मुलाला मारलं, आणि मग आजी हेलेनाने नातवासाठी इतका आकांत केला की सम्राटाने फाउस्टाला कढत पाण्याच्या स्नानगृहात संपवलं. त्यानंतर फिलोस्टॉर्गियस सांगतो की सावत्र आईने मुलावर डोळा ठेवला, त्याने नकार दिला, तिने उलटा आळ घेतला. झोसिमस तर पावणेदोनशेएक वर्षांनी लिहितोय. त्याचं म्हणणं, दोघांच्या संबंधांचा संशय आला म्हणून मारलं, आणि या पापातून कुठला जुना धर्म मोकळं करेना म्हणून कॉन्स्टन्टाइन ख्रिश्चन झाला! झोसिमस जुन्या देवांचा भक्त, ख्रिश्चनांवर खार खाऊन होता. सोझोमेन या ख्रिश्चन इतिहासकाराने याचा प्रतिवादही करून ठेवलाय: क्रिस्पस जिवंत असतानाच त्याच्या नावाने ख्रिश्चनांच्या बाजूचे कायदे निघत होते, मग त्याच्या खुनानंतर धर्मांतर कसं?

माझं मत: कारण सत्तेचं. फाउस्टाचे तीन मुलगे रांगेत, आणि पुढे सैन्याचा लाडका, लढाया मारलेला सावत्र भाऊ.

वेदवती

अहो पण मग फाउस्टा का मेली? तिने आपल्या मुलांसाठी काटा काढला असेल तर ती जिंकली होती की. त्याच वर्षी तिलाही मारायचं कारण काय? सत्तेच्या स्पष्टीकरणात हा धागा सुटाच राहतो.

आणि सावत्र आईची गोष्ट वाचून मला तर कुणाल आठवला. अशोकाचा मुलगा, सुंदर डोळ्यांचा. तिष्यरक्षिता त्याच्यावर भाळते, तो नाही म्हणतो, ती सम्राटाची मुद्रा वापरून तक्षशिलेला हुकूम धाडते आणि त्याचे डोळे काढवते. शेवटी अशोकाला कळतं आणि तो तिला मारतो. अशोकावदानात आहे. नावं बदलली की हीच गोष्ट!

कर्दळीवन

वेदवतीताई, तुम्ही माझ्याच बाजूचा पुरावा आणलात. ग्रीकांकडे फेड्रा आणि हिप्पोलिटस, आपल्याकडे कुणाल, यहुद्यांकडे योसेफ आणि मालकाची बायको. ही गोष्ट आधीपासून तयारच होती. राजवाड्यात तरुण मुलगा आणि पाठोपाठ सावत्र आई मेली, तोंड उघडायची कुणाची हिंमत नाही, मग लोकांनी मोकळ्या जागी ओळखीची गोष्ट बसवली.

फाउस्टाचं मला पटेल असं उत्तर नाही. एका अभ्यासकाने तर सुचवलंय की कढत पाण्याचं स्नान ही शिक्षा नसून गर्भपाताचा प्रयत्न असावा, आणि त्यात ती दगावली. तसं असेल तर पुन्हा संबंधांची गोष्ट खरी ठरते. म्हणून म्हटलं पटेल असं नाही.

उगाच_एक

दर वेळी सावत्र आईच कशी सापडते? बापाने स्वतःच्या डोक्याने पोरगं मारलं असं लिहायला इतिहासकारांची लेखणी अडते वाटतं.

गलबत

त्या आरमारी लढाईवर कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी बोलतो. मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, ती लढाई जिथे झाली त्या डार्डनेल्समधून (मार्मरा आणि एजियन समुद्रांना जोडणारी सामुद्रधुनी) जाणं-येणं झालंय.

३२४ च्या जुलैत ॲड्रियानोपलला कॉन्स्टन्टाइनने लिसिनियसला हरवलं. लिसिनियस बायझँटियमच्या (पुढचं कॉन्स्टँटिनोपल) तटाआड शिरला. समुद्र त्याच्या ताब्यात असेपर्यंत त्याला रसद मिळत राहणार. ते तोडायचं काम क्रिस्पसवर. झोसिमसने दिलेले आकडे असे: शत्रूचा आरमारप्रमुख अबान्टस २०० जहाजं घेऊन आला, क्रिस्पसने निवडून ८० लहान जहाजं पुढे काढली. अबान्टसला वाटलं चिरडून टाकू. पण ती सामुद्रधुनी अशी चिंचोळी की त्याची जहाजं एकमेकांना अडू लागली, वल्ही वल्ह्यांत गुंतली. लहान जहाजांना वळायला जागा होती. पहिल्या दिवशी संध्याकाळी दोघे मागे हटले. दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा होता, अबान्टसला सोयीचा, पण समोर नवी जहाजं बघून तो थबकला. दुपारी वारा फिरून दक्षिणेचा झाला आणि एवढा सुटला की त्याची जहाजं आशियाच्या किनाऱ्यावर आपटली. १३० जहाजं आणि ५००० माणसं गेली.

तिथे पाण्याचा ओढ सतत मार्मराकडून एजियनकडे असतो आणि वाराही बहुतेक वेळा ईशान्येचाच. म्हणजे क्रिस्पस ओढाच्या आणि वाऱ्याच्या विरुद्ध शिरत होता. नशीब दुसऱ्या दिवसाचं म्हणा हवं तर, पण पहिल्या दिवशी सगळी जहाजं न कोंबता ८० च काढणं, याला डोकं लागतं. या पोराला समुद्र कळत होता, किंवा ज्याला कळत होता त्याचं ऐकायची अक्कल होती. दुसरी गोष्ट जास्त दुर्मीळ.

या विजयाचं नाणं निघालं का हो? तेवढं सांगा.

नाणेघाट

@गलबत, सुरेख. थेट जहाजाचं चित्र असलेलं त्याचं नाणं माझ्या पाहण्यात नाही. पण ३२४-२५ मध्ये सर्मियमच्या टांकसाळीतून (सर्बियातलं स्रेम्स्का मित्रोव्हित्सा) 'अलेमान्निया देव्हिक्टा' (अलेमान्नींचा देश जिंकला) असं नाणं त्याच्या नावाने निघालं. विजयदेवता पायाखाली कैदी तुडवतेय. म्हणजे त्याचा जर्मन टोळ्यांवरचा विजय मिरवला. यादवी युद्धातल्या विजयाचं काय करायचं हा रोमनांचा जुना पेच होता, हरलेलेही रोमनच ना.

आणि धागाकर्त्यांच्या पहिल्या नाण्यावरची 'धन्य शांतता' ही त्या यादवीच्या ऐन तोंडावरची, ३२१ ते ३२३ च्या आसपासची. वेदीवर नीट बघा, 'व्होटिस' आणि वीसचा आकडा दिसेल. सम्राटाच्या वीस वर्षांसाठीचे नवस. त्याच विसाव्या वर्षाच्या उत्सवाला जाताना मुलगा मेला.

रसायनी

धागाकर्ते, फोटो टाकण्याआधी कळकळीची विनंती. नाणी चिंच-मीठ लावून घासू नका. लिंबू नको, राख नको, टूथपेस्ट तर नकोच. मी धातूसंवर्धनाचं काम करते, घासून 'चकचकीत' केलेली नाणी बघून पोटात गोळा येतो. या काळच्या तांब्याच्या नाण्यांवर मुळात चांदीचा अगदी पातळ मुलामा असायचा. खाचेत कुठे रुपेरी चमक उरली असेल तर ती सोन्याहून मोलाची समजा. चिंचेच्या आम्लाने ती आणि वरचा जुना थर, दोन्ही जातात, आणि त्या थरातच चेहऱ्याचे बारकावे असतात.

दुसरं, फिक्या हिरव्या रंगाची पिठासारखी पूड सुटत असेल तर ते नाणं लगेच वेगळं काढा. तो क्लोराइडचा रोग, दमट हवेत वाढतो. मुंबई-कोकणात राहत असाल तर हवाबंद डबी आणि सिलिका जेलची पुडी ठेवाच. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून नाणी आधी बाहेर काढा.

अर्धापैसा

@रसायनी, बरं झालं वेळेत सांगितलंत, आई चिंच भिजवायला निघालीच होती. पूड नाहीये. सिस्कियाच्या नाण्यावर कानामागे रुपेरी चमक आहे.

@नाणेघाट, ज्युपिटर! मी त्याला सम्राट समजून लेन्सखाली त्याच्या चेहऱ्याची तुलना करत होतो.

एक प्रश्न. मारल्यावर रोमन लोक त्या माणसाचं नाव-निशाण पुसायचे म्हणतात. मग ही नाणी वाचली कशी? तीन तर माझ्याकडेच आहेत.

दुर्गभ्रमर

शिलालेखांतून नाव छिनून काढलेलं आहे, इटलीत आणि इतरत्र असे दगड मिळालेत. ग्रंथांतूनही गेलं. युसेबियस नावाच्या बिशपने आपल्या चर्चच्या इतिहासात क्रिस्पसला देवाचा अत्यंत लाडका, सर्वार्थाने बापासारखा असं गौरवलं होतं. त्या ग्रंथाच्या सिरियॅक भाषांतरात क्रिस्पस गायब आहे. पुढे त्याने कॉन्स्टन्टाइनचं चरित्र लिहिलं, त्यात तर थोरला मुलगा जन्मालाच आला नाही! पुढे सावत्र भाऊ सम्राट झाले, त्यांनीही त्याचं नाव परत बसवल्याचं दिसत नाही.

नाणी मात्र राहिली. नाण्यांचं काय करता येतं हे बघायचं तर नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा साठा बघा. १९०६ साली सापडला, क्षत्रप नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं ठोकून घेतलीत. नहपानाच्या नाकावर सातवाहनांचं डोंगराचं चिन्ह! हा म्हणजे पराभूताचा चेहरा झाकण्याचा बाकायदा कार्यक्रम. कॉन्स्टन्टाइनने तसं काही केलं नाही. टांकसाळींनी क्रिस्पसचे ठसे थांबवले एवढंच. छावणीच्या दरवाजाचं चित्र असलेली नाणी त्याच्याही नावाने निघत होती, तीच ३२६ नंतर दोन धाकट्या भावांच्या नावाने चालू राहिली. मजकूरही तोच, 'सीझरांची दूरदृष्टी'. एक सीझर कमी झाला, दूरदृष्टी होती तेवढीच.

अवांतर: नहपानाच्याही नाण्यांवरचे चेहरे एकमेकांशी इतके न जुळणारे आहेत की धागाकर्त्यांचा प्रश्न तिथेही विचारता येईल. नाशिकला जाणं झालं तर अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि तिथलं संग्रहालय चुकवू नका.

कर्दळीवन

दुर्गभ्रमर, थोडी भर. सातकर्णीला चांदीची नाणी पुन्हा आपल्या नावाने चालवायची होती, त्यात फायदा होता. क्रिस्पसची तांब्याची चिल्लर ब्रिटनपासून इजिप्तपर्यंत पसरलेली. ती गोळा करायची कुणी आणि कशाला? लंडनच्या टांकसाळीनेही त्याची भरपूर नाणी काढली होती, ती टांकसाळ ३२५ च्या सुमारास बंदच झाली.

आणि मंडळी, एक कायदा राहिलाच. ३२२ साली क्रिस्पसला मूल झालं तेव्हा कॉन्स्टन्टाइनने आनंदाने कैद्यांना माफी दिली. थिओडोशियन संहितेत (रोमन सम्राटांच्या कायद्यांचा संग्रह) तो हुकूम आहे. माफीतून वगळले कोण? विषप्रयोग करणारे, खुनी आणि व्यभिचारी. आजोबा झाल्याच्या आनंदात काढलेल्या हुकमात हे शब्द.

वेदवती

बाप रे. आणि ते बाळ?

कर्दळीवन

त्याचा मागमूस कुठेच नाही. त्याच्या आईचाही.

हलकंफुलकं

फ्लेक्सवरून फोटो काढला की माणूस पक्षातून गेला समजायचं, ही पद्धत तरी आपण रोमनांकडून जशीच्या तशी घेतलीय.

मोझलकाठ

मूळ प्रश्नाकडे येते. @नाणेघाट, तुम्ही तिसरं नाणं बाद केलंत, पहिल्या दोघांचं काय? इतक्या नाण्यांत कुठेच खरा माणूस नाही, हे मला पटत नाही. ट्रिअरचे खोदकार तर त्याच गावात होते.

नाणेघाट

प्रश्न रास्त आहे. एक साधी कसोटी सांगतो. क्रिस्पसचं नाणं घ्या, त्याच टांकसाळीचं, त्याच काळातलं दुसऱ्या कॉन्स्टन्टाइनचं नाणं शेजारी ठेवा आणि बापाचंही ठेवा. नावं झाका. दोन भावांत फरक दिसत नसेल तर तो 'सीझरचा चेहरा' आहे, व्यक्तीचा नाही. फरक दिसत असेल तर तो बापाशी किती जुळतो ते बघा. कॉन्स्टन्टाइनने स्वतःचाही चेहरा बदलून घेतला होता. त्याच्या आधीचे चौघे सम्राट चौकोनी डोक्याचे, खुरटी दाढी राखलेले. याने दाढी काढली, कपाळावर केस ओढले, जुन्या ऑगस्टस-ट्राजनची आठवण यावी असं रूप घेतलं. ट्रिअरच्या क्रिस्पसचं बाकदार नाक आणि पुढे आलेली हनुवटी बापाचीच आहे. ती जन्माने आली की खोदकाराच्या हाताने, हे तांबं सांगत नाही.

माझा स्वतःचा भरवसा तांब्यावर कमी, सोन्यावर जास्त. सोन्याची नाणी आणि पदकं सेनापतींना, दरबाऱ्यांना भेट जायची. ज्यांनी युवराजाला जवळून पाहिलेलं असायचं त्यांच्या हातात पडायची. तिथे अगदीच दुसरा माणूस काढून चाललं नसतं. त्यांवर क्रिस्पस थोडा भरलेला, मानेने दणकट, तरुण पुरुष दिसतो. तुमच्या ट्रिअरच्या नाण्याच्या तो जवळ जातो, सिस्कियाच्या पोरगेल्या तोंडाच्या नाही.

अर्धापैसा

काल रात्री एका लिलावघराच्या जुन्या फोटोंवर कसोटी करून बघितली. सिस्किया: दोन्ही भाऊ अदलाबदल करता येतील, काहीही फरक नाही. तेव्हा क्रिस्पस मोठा बाप्या आणि भाऊ चार-पाच वर्षांचा, तरी दोघांना तेच गुबगुबीत डोकं. ट्रिअर: इथे फरक आहे. क्रिस्पसला शस्त्रं जास्त, मान जाड. भावाचं डोकं लहान, गाल भरलेले. निदान या टांकसाळीला एक मोठा आणि एक लहान हे माहीत होतं, आणि ते दाखवायची परवानगीही होती.

म्हणजे माझं मत कायम. पण 'तो तिथे राहत होता' हे कारण पुरेसं नाही, भावाशी तुलना करून जे उरतं तेवढंच क्रिस्पसचं. उरली ती जाड मान.

गलबत

जाड मान पुरे. वल्हेकऱ्यांत शोभला असता.

रसायनी

फोटो टाकाल तेव्हा उजेड एका बाजूने, तिरका द्या. फ्लॅश नको. नाक खरं किती बाकदार आहे ते तेव्हा कळेल.

साधी_राहणी

नवीन सदस्य आहे. धागा आवडला. आमच्या गावी नदीपात्रात आजोबांना एक नाणं मिळालं होतं, त्यावरही असाच माळ घातलेला चेहरा आहे. परदेशात चांगली किंमत येते म्हणतात. इथे कुणी सांगू शकेल का?

नाणेघाट

स्वागत. शंभर वर्षांहून जुनं नाणं असेल तर ते देशाबाहेर विकायला पाठवणं हा १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने गुन्हा आहे. आणि जमिनीत सापडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी लागते, तो कायदा १८७८ चा. किमतीचं सोडा, वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे फोटो घेऊन वेगळा धागा काढा. आणि चिंच लावू नका.